मनाचे दुखणे आणि मेंदूचे रसायन



आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. मेंदूच्या रसायनावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तरीही बोलतो, कारण आमचा मुलगा बारावीनंतर अबोल झाला, तेव्हा आम्ही त्याला आळशी म्हटले.

विरारहून लोकलने चर्चगेट, तेथून बसने कुलाबा. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. विदिता वैद्य सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या, अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टर झाल्या आणि २००० साली या संस्थेत येऊन त्यांनी प्रयोगशाळा उभारली. २०१५ साली त्यांना भटनागर पुरस्कार, २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

भावना आणि ताण हा त्यांचा विषय. लहानपणी सोसलेल्या ताणाच्या खुणा मोठेपणीही मेंदूत राहतात, हे त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून अभ्यासले. सेरोटोनिन हे रसायन मेंदूच्या पेशी निरोप देण्यासाठी वापरतात. तेच पेशींतील ऊर्जा तयार करणारी केंद्रे वाढवते आणि पेशींना ताण सोसायला बळ देते, हे त्यांच्या चमूने २०१९ साली दाखवले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण मनाचे दुखणे शरीराचेही असते, एवढे आम्ही यातून शिकलो. मूल गप्प झाले तर टोमणे नकोत, गंडेदोरे नकोत, डॉक्टर गाठा. आम्ही उशिरा गाठला, तरी मुलगा सावरला.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कुणीतरी हे संशोधन पुढे न्यावे, ही आमची इच्छा.