रकाना शेतकऱ्यासाठी, शेतकरी रकान्यासाठी नव्हे
(रत्नागिरी जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे आंब्याचा भाव आहे, वानर-माकडांचा उपद्रव आहे, फळपीक विम्याचे पैसे आहेत. एवढ्या मोठ्या विषयांच्या मध्ये आम्ही एक बोटभर विषय घेऊन उभे आहोत. संगणकावरच्या फॉर्ममधला रकाना हा तो विषय. कुणी म्हणेल, हे केंद्रावरच्या पोराने बघावे, बैठकीत कशाला? पण मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठल्याही गावात विचारा. अर्ज परत का आला, पैसे का अडकले, याचे उत्तर पुष्कळदा एका रकान्यातल्या एका आकड्यापाशी येऊन थांबते. पूर्वी साहेब अडवायचा. त्याच्याशी भांडता तरी येत होते. आता रकाना अडवतो. तो लाल होतो आणि गप्प बसतो.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. फॉर्म बनवणारे तिला इनपुट मास्क म्हणतात. आपण साचा म्हणू. तुम्ही आधारचे बारा आकडे सलग दाबत जाता आणि पडद्यावर चार-चार-चार असे तुकडे आपोआप पडतात. तारीख टाकताना मधल्या तिरक्या रेघा आपोआप येतात. मोबाईलच्या रकान्यात अक्षर दाबले तर ते उमटतच नाही. हे सारे साच्याचे काम.

साचा ही काही संगणकाने काढलेली नवी टूम नव्हे. आंतर्देशीय पत्रावर पिनकोडसाठी सहा चौकोन छापलेले असायचे, तो साचाच होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन पोस्टाचे. रत्नागिरी शहराचा ४१५६१२. चौकोन सहा, आकडे सहा. पाचच लिहिले तर एक चौकोन रिकामा दिसायचा आणि लिहिणाऱ्याला चूक कळायची. आपला सातबारा तरी काय आहे? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. म्हणजे आखलेले रकानेच. तेव्हा आमचे साच्याशी भांडण नाही. चांगला साचा चूक होण्याआधी हात धरतो. आमचे भांडण आहे ते शेतकऱ्याचा सातबारा न बघता पाडलेल्या साच्याशी.

क्षेत्राचा रकाना घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहितात. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरांचा एक हेक्टर. भावाभावांच्या वाटणीत पाच आर आले, तर सातबाऱ्यावर येते ०.०५.००. आता फॉर्मवर एकच मोकळा रकाना आहे आणि शेजारी लिहिले आहे ‘क्षेत्र, हेक्टरमध्ये’. आमचा माणूस पाच आर म्हणून ०.५ टाकतो. ते झाले ५० आर. हापूसची कलमे दहा-दहा मीटरवर लावली तर एका आराला एक कलम बसते. म्हणजे पाच कलमांचा धनी कागदावर पन्नास कलमांचा झाला. पुढे तपासणीत क्षेत्र जुळत नाही, आणि ज्याने लबाडी केलेली नाही त्याच्याकडे लबाड म्हणून बघितले जाते. उलट चूक झाली, ५० आरांचे ०.०५ झाले, तर हप्ता दहाव्या हिश्शाचा भरला जातो आणि भरपाईही दहाव्या हिश्शाची. झाड मोहोरासकट करपले तरी कागद पाच आरांच्या पुढे बोलत नाही.

उपाय अवघड आहे का? हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन कप्पे पाडा. आरच्या कप्प्यात नेहमी दोन आकडे. पाच टाकले की ०५ दिसले पाहिजे. आणि खाली मराठीत एक ओळ: ‘पाच आर, म्हणजे सुमारे पाच गुंठे’. माणूस वाचेल आणि चूक तिथल्या तिथे धरेल. गुंठा आणि आर यांत फरक इतका थोडा की शेतकऱ्याला अंदाज लगेच येतो.

जुन्या कागदांची गोष्ट याहून बिकट. खरेदीखतात, जुन्या उताऱ्यात एकर-गुंठे असतात. एक एकर वीस गुंठे हे १-२० असे लिहिलेले असते. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ही जमीन दीड एकर, ६० आर ७० चौरस मीटर. पण तेच १-२० जर रकान्यात १.२० एकर म्हणून बसले, तर संगणक ४८ आर ५६ चौरस मीटर काढतो. बारा गुंठे जमीन बांधावर कुणी कुदळ न मारता गेली! ज्या बारा गुंठ्यांसाठी चुलतभाऊ तीन पिढ्या कोर्टात जातात, ते एका टिंबाने खाल्ले.

सर्व्हे नंबराचे तसेच. कोकणात जमिनीचे तुकडे किती आणि कसे झाले हे तुम्हाला सांगायला नको. सर्व्हे नंबर ४५, हिस्सा नंबर ३अ/१ असा आपला पत्ता. आणि रकाना म्हणतो, फक्त आकडे! मग ‘अ’ कुठे ठेवायचा? ‘अ’ गाळून ३/१ टाकावे तर ती दुसऱ्याची जमीन. ज्याने हा साचा पाडला, त्याने हिस्सा पडलेला सातबारा कधी हातात धरला नसावा.

आता आकड्यांच्या लिपीकडे या. सातबारा मराठीत, आकडे देवनागरी. शेतकरी मोबाईलवर मराठी कळफलक लावून ४५ टाकतो आणि रकाना म्हणतो, हा आकडा नाही. आपल्याच राज्यात आपल्याच आकड्याला ‘तू आकडा नाहीस’ म्हणणारे हे कोण? संगणकाला दोन्हीतले दहा-दहा आकडे ठाऊक असतात. आले ते स्वीकारायचे आणि आत बदलून घ्यायचे, एवढेच काम. काही ओळींचा प्रोग्रॅम. तो लिहिण्याचा कंटाळा एकाने केला आणि हेलपाटे हजारांना पडले.

बँकेच्या रकान्यांत तर थेट पैसा आहे. आयएफएस कोड अकरा खुणांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य, शेवटच्या सहा खुणा शाखेच्या. पासबुकावरचे ते शून्य आपल्याला इंग्रजी ‘ओ’ वाटते. तिथे शून्यच असणार हे जर आधीच ठरलेले आहे, तर साच्याने ते स्वतः घालावे, शेतकऱ्याला का विचारावे? खात्याच्या नंबरात मात्र उलटे आहे. त्याची लांबी बँकेगणिक वेगळी, म्हणून तिथे ठरावीक लांबीचा साचा चालत नाही. काही नंबरांची सुरुवात शून्याने होते. रकाना जर त्याला हिशेबातली रक्कम समजला, तर पुढची शून्ये गिळतो. शाळेत शिकवले की डावीकडच्या शून्याला किंमत नाही. बँकेत त्याच शून्यावाचून खाते सापडत नाही.

मोबाईलच्या रकान्यात एक छुपा खड्डा आहे. रकाना दहा आकड्यांचा. पोरगा फोनमधला नंबर उचलून तिथे चिकटवतो. त्याच्या पुढे देशाचा ९१ असतो, म्हणजे आकडे झाले बारा. साचा पहिले दहा ठेवतो आणि शेवटचे दोन गुपचूप कापतो. रकाना भरला, हिरवा झाला, सारे ठीक दिसते. पण ओटीपी आपल्याकडे येत नाही. तो येणारच नाही, कारण नंबर आपला राहिलेलाच नाही. न सांगता कापणे हा साच्याचा सर्वांत मोठा गुन्हा. जास्त आकडे आले तर सांगा, ९१ ओळखून बाजूला करा, पण शेपूट कापू नका.

आणि जन्मतारीख! आमच्या पिढीत १ जून या दिवशी जन्मलेले लोक किती आहेत, हात वर करा म्हटले तर अर्धा मांडव वर होईल. गुरुजींनी शाळेत घालताना दिवस-महिना ठाऊक नाही म्हणून १ जून लिहिला. तो कागदाच्या साच्याने दिलेला जन्म. आज एका कागदावर तारीख आहे, दुसऱ्यावर नुसते साल आहे, आणि रकाना साल घेत नाही. माणसाने मग काय करावे? खोटे लिहावे. साचा फार कडक केला की खरे बोलणाऱ्याची अडचण होते आणि खोटे सहज पुढे सरकते.

आता एक महत्त्वाची गोष्ट, ती फॉर्म बनवणारेही विसरतात. साचा आकार बघतो, खरेपणा बघत नाही. पेटीवर ‘रत्नागिरी हापूस’ छापले म्हणून आत हापूसच निघतो असे नाही, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? बारा आकडे पडले म्हणून आधार नंबर बरोबर झाला असे नाही. आधारची सुरुवात या महाराष्ट्रातच झाली, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. त्या नंबरातला शेवटचा आकडा पडताळ्याचा असतो. तो काढण्याची रीत व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडली. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ही रीत चूक पकडतेच. हा पडताळा रकान्यातच लावला, तर चूक दोन सेकंदांत कळेल. अर्ज भरून, मुदत संपून, महिन्यांनी कळण्याची गरज नाही. पण तोच नंबर दुसऱ्या कुणाचा असेल, तर पडताळाही काही करू शकत नाही. तिथे माणसानेच बघायला हवे.

माणूस म्हटला की कुणी केंद्रावरच्या पोरावर घसरेल. त्याला बोल लावू नका. लाईट जाते, रेंज जाते, बाहेर वीस माणसे उभी असतात, मुदतीचा शेवटचा दिवस असतो. त्याच्याही हातात तोच साचा आहे.

गोष्टी संगणकावर आल्या याला आमचा विरोध नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद आपण स्वतः मोबाईलवरून करू लागलो. शेतकऱ्याच्या हातात लेखणी आली, हे चांगलेच झाले. पण लेखणी दिल्यावर कागद अरुंद ठेवायचा, ही चाल आम्हाला मान्य नाही.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही मागण्या ठेवतो. एक, क्षेत्राचा रकाना सातबाऱ्याप्रमाणे तीन कप्प्यांचा असावा आणि भरलेले क्षेत्र अक्षरी दिसावे. दोन, देवनागरी आकडे स्वीकारावेत. तीन, हिस्सा नंबरात अक्षर आणि तिरकी रेघ चालावी. चार, रकान्याने न सांगता काहीही कापू नये. पाच, चूक कुठे आहे आणि कशी सुधारायची ते मराठीत त्याच रकान्याखाली लिहावे. ‘अवैध माहिती’ एवढे दोन शब्द म्हणजे उत्तर नव्हे. सहा, कोणताही फॉर्म लागू करण्याआधी तो गावात आणून पाच शेतकऱ्यांकडून त्यांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावरून भरून घ्यावा. ते अडखळले तर शेतकरी नापास नव्हे, फॉर्म नापास.

मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या हातातले काम आपण करू. प्रत्येक घरात एक वही ठेवा. तिच्या पहिल्या पानावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, सर्व्हे आणि हिस्सा नंबर, खाते क्रमांक सगळ्या शून्यांसकट, आयएफएस कोड, आणि नाव आधारवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये. फॉर्म भरून झाला की ‘सादर करा’ दाबण्याआधी पडदा आपल्याकडे वळवून घ्या आणि वहीशी एकेक आकडा ताडून बघा. आपल्या बायकांच्या नावावर ज्या जमिनी आहेत, त्यांनी हे स्वतः करावे. नवऱ्याच्या भरवशावर सोडू नये. पेटी भरताना आपण एकेक फळ हातात घेऊन बघतो. एवढ्या नजरेने एक पान बघायला पाच मिनिटे लागतात.

आणि अर्ज परत आला, तर मुकाट्याने दुसरा भरू नका. काय टाकले होते आणि रकान्याने काय म्हटले, ते त्याच वहीत तारीख घालून लिहा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. एकट्याचा अर्ज परत आला की ती त्याची चूक ठरते. नऊ तालुक्यांतून एकच चूक शंभर वह्यांत निघाली, की ती कुणाची हे सांगायला वकील लागणार नाही.