वर्गांत लिहिलेली कादंबरी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूनें चर्चच्या बांधणीचा, वेदीचा व घंटेचा इतिहास सांगावा अशी आपल्याकडे रीत आहे. तो इतिहास पुस्तिकेंत स्वतंत्र छापला जात आहे, आणि मजहून जाणत्या मंडळींनीं तो लिहिला आहे. म्हणून मला मिळालेला वेळ मी एका दूरदेशच्या धर्मगुरूला देणार आहें. त्यांचें नांव फादर फ्रान्सिस फिन. ते येशूसंघाचे सभासद होते. परंतु त्यांचें नांव झालें तें कुमारवयाच्या मुलांसाठीं लिहिलेल्या कादंबऱ्यांमुळें.

अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या काठीं सेंट लुइस नांवाचें शहर आहे. तेथें ४ ऑक्टोबर १८५९ रोजीं त्यांचा जन्म झाला. आईबाप आयर्लंडहून आलेले. मुलगा पुस्तकांचा विलक्षण लोभी होता. कार्डिनल वाइझमन यांनीं १८५४ सालीं आद्य ख्रिस्ती हुतात्म्यांवर 'फाबिओला' नांवाची कादंबरी प्रसिद्ध केली होती; ती या मुलाच्या हातीं पडली, आणि धर्म म्हणजे केवळ पाठ करावयाची प्रश्नोत्तरें नव्हेत, हें त्याला त्या पुस्तकानें कळलें. प्रवचनानें नव्हे, पुस्तकानें! मी स्वतः दर रविवारीं प्रवचन करणारा असूनही हें आपणांस मोकळेपणानें सांगतों. अकराव्या वर्षीं तो डिकन्सच्या जाडजूड कादंबऱ्या घेऊन बसे. बाराव्या वर्षीं त्याचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला, आणि आपण येशूसंघांत जावें अशी इच्छा मनांत उगवली. पुढें तो उत्साह ओसरला. अभ्यास ढिला पडला. अशा वेळीं फादर कॉपेन्स यांनीं त्याला जवळ घेऊन सांगितलें कीं, लॅटिनमध्यें मन घाल, त्यासाठीं प्रार्थनापुस्तकही लॅटिनच वापर, आणि चांगलीं कॅथॉलिक पुस्तकें वाचीत जा. त्या सल्ल्यानें व पवित्र मरीयेच्या सोदालितीनें आपलें पाचारण वांचलें, असें फादर फिन पुढें मानीत.

२४ मार्च १८७९ रोजीं ते संघांत दाखल झाले. परंतु शरीर साथ देईना. आजारी पडावें, घरीं जावें, ठणठणीत होऊन परतावें आणि पुनः नवें दुखणें धरावें, असा क्रम चालला. सेमिनरींत राहिलेल्या आम्हां लोकांना ठाऊक आहे कीं, असा उमेदवार बहुधा प्रेमानें घरीं पाठविला जातो. त्यांच्या वरिष्ठांनीं तसें केलें नाहीं. कां केलें नाहीं, याचा विचार मी पुष्कळदां करतों. ज्याच्या हातून पुढें काय होणार हें कोणालाच दिसत नव्हतें, त्याच्यासाठीं त्यांनीं धीर धरला, एवढें खरें.

धर्मगुरुपदाची दीक्षा होण्यापूर्वीं तरुण सभासदानें कांहीं वर्षें शाळेंत शिकवावें, अशी येशूसंघाची पद्धत आहे. त्याप्रमाणें फिन यांना कॅन्सस प्रांतांतील सेंट मेरीज येथें धाडण्यांत आलें. १८४८ सालीं येशूसंघीयांनीं पोटावाटोमी नांवाच्या मूळ रहिवाशांसाठीं तेथें मिशन उघडलें होतें. पुढें त्याच ठिकाणीं मुलांचें निवासी विद्यालय उभें राहिलें. फिन तेथें प्रिफेक्ट झाले. शेंकडों खोड्यांच्या त्या राज्यांत शिस्त कशी राखावी हें ते फजिती होत होतच शिकले.

एके दिवशीं दुपारीं वर्ग निबंध लिहीत होता. माना खालीं, टांक चालू. देखरेखीवांचून फिन यांना दुसरें काम नव्हतें. समोरच्या मुलांकडे पाहतां पाहतां त्यांच्या मनांत आलें कीं, याच मुलांवर कां लिहूं नये? त्यांनीं पेन्सिल व कागद ओढला, आणि थोडक्या वेळांत एका कादंबरीचें पहिलें प्रकरण तयार झालें. नायकाचें नांव टॉम प्लेफेअर. तें प्रकरण त्यांनीं वर्गाला वाचून दाखविलें. मुलांना तें इतकें आवडलें कीं, पुढें काय झालें हें ऐकण्यासाठीं तीं हटून बसलीं. ग्रंथ छापण्याच्या पुष्कळ आधीं या ग्रंथकाराला वाचक मिळाले होते, आणि ते खोटी स्तुति करणारे नव्हते. कंटाळा आला तर बाकाखालीं पाय आपटणारे होते.

त्या काळीं अमेरिकेंतील मुलाला दहा सेंटांत दरोडेखोरांच्या व रानटी लढायांच्या कादंबऱ्या मिळत. दुसऱ्या बाजूला, कधींही न चुकणाऱ्या व लौकरच स्वर्गवासी होणाऱ्या सद्गुणी बालकांच्या बोधकथा असत. (त्या बोधकथा कोणी विकत घेई तो आपल्यासाठीं नव्हे, पुतण्यासाठीं.) शाळेंत भांडणारा, चेंडू खेळणारा, खोटें बोलून मग पापनिवेदनाला जाणारा कॅथॉलिक मुलगा पुस्तकांत कोठेंच नव्हता. फिन यांनीं त्याला तेथें बसविलें. कादंबऱ्यांतील सेंट मॉर विद्यालय म्हणजे त्यांचें सेंट मेरीजच होय.

लिहिलें तरी छापणें सोपें नव्हतें. वरिष्ठांची अनुमति घेतल्यावांचून संघाच्या सभासदाला ग्रंथ प्रसिद्ध करतां येत नसे. ती मिळाली, आणि बेन्झिगर ब्रदर्स या कॅथॉलिक प्रकाशकांनीं १८८९ सालीं 'पर्सी विन' छापलें. बहिणींमध्यें वाढलेल्या एका नाजुक, सभ्य मुलाची ती हकीकत आहे. वर्गांत जन्मलेला टॉम त्यानंतर पुस्तकरूपानें आला. लेखक तेव्हां तिशीच्या घरांत होता, आणि अजून फादरही झाला नव्हता.

पुढें सिनसिनाटी येथील सेंट झेवियर चर्चमध्यें त्यांचें आयुष्य गेलें. लेखनासाठीं त्यांनीं धर्मग्रामाचें काम सोडलें नाहीं. ते जेथें जात तेथें मुलांचा घोळका असे, असें सांगतात. एकंदर सत्तावीस पुस्तकें झालीं. २ नोव्हेंबर १९२८ रोजीं, मृतांच्या स्मरणाच्या दिवशीं, ते वारले. त्यांनीं स्वतः लिहिलेलें चरित्र १९२९ सालीं निघालें. आज तीं पुस्तकें वाचतांना कोठें कोठें अश्रु फार वाहतात, आणि त्या काळच्या कित्येक समजुती आपल्याला पटत नाहींत. तरी मुलांचे संवाद अजून जिवंत आहेत, कारण ते ऐकून लिहिलेले आहेत.

आतां आपल्याकडे वळूं. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून 'यमुनापर्यटन' गणली जाते. ती १८५७ सालीं बाबा पदमनजी या ख्रिस्ती गृहस्थांनीं लिहिली. त्याहून कितीतरी आधीं, १६१६ सालीं, येशूसंघाचे फादर स्टीफन्स यांनीं ख्रिस्तपुराण छापून काढलें. एवढी जुनी परंपरा ज्यांच्या घरीं आहे, त्यांच्या मुलांना स्वतःचें घर, स्वतःचा पाडा, स्वतःची आजी ज्यांत भेटेल अशीं पुस्तकें किती मिळतात? माझ्या कपाटांत मीं शोधलीं. एका हाताच्या बोटांवर मोजतां आलीं.

आणि येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांमागें, दुसऱ्या एका धर्मग्रामांत मी असतांना, चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी मिस्सेनंतर माझ्याकडे एक वही घेऊन आली. वही दोऱ्यानें बांधलेली होती आणि वर नांव घातलें होतें, 'आमचें बावखल'. "फादर, गोष्ट लिहिली आहे, मोठी आहे, वाचाल का?" असें तिनें विचारलें. मीं हो म्हटलें. वही टेबलाच्या खणांत ठेवली. मग सण आला, छपराची दुरुस्ती निघाली, दोन अंत्यविधि झाले; कारणें पुष्कळ होतीं आणि सर्व खरीं होतीं. दोन महिन्यांनीं ती आली व म्हणाली, "फादर, वाचलीत?" मी म्हणालों, "वाचली हो, छान आहे. पण आधीं परीक्षेचें बघ." आणि वही तिच्या हातांत दिली. तिनें खालीं पाहिलें. दोरा होता तसाच होता. तिनें मारलेली गांठ तिची तिला ओळखूं आली. ती कांहीं बोलली नाहीं. "येतें फादर," एवढें म्हणून गेली.

त्या बावखलांत काय घडलें होतें, तें मला आजवर ठाऊक नाहीं. फिन यांच्या वर्गांतल्या मुलांनीं जें केलें, तें मला करतां आलें नाहीं. तीं ऐकत बसलीं.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं, सकाळच्या दुसऱ्या मिस्सेनंतर, शाळेच्या तळमजल्यावरील पहिल्या वर्गांत मी एक तास बसणार आहें. ज्या मुलामुलींनीं कांहीं लिहिलें असेल त्यांनीं तें तेथें मोठ्यानें वाचावें. इतरांनीं यावें व ऐकावें. घरीं सामवेदी बोलत असाल तर सामवेदींत लिहा, वाडवळी बोलत असाल तर वाडवळींत. शुद्धलेखन मी तपासणार नाहीं. तें काम आपल्या शाळेंतील बाई मजपेक्षां चांगलें करतात. आईबापांना एवढीच विनंति कीं, त्या तासापुरती शिकवणीची वेळ पुढें ढकलावी. बाकें मीं मोजून ठेवलीं आहेत. चाळीस जण बसतील. अधिक आले तर आपण बाहेर आंब्याखालीं बसूं.