तळहातातील अस्थिभंग : निदान, उपचार व पुनर्वसन



वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांत राबणारा कामगार असो किंवा पैठणच्या मागावर पैठणी विणणारा विणकर, आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांचे पोट हातावर आहे. म्हणून वरवर किरकोळ भासणाऱ्या एका दुखापतीकडे आम्ही आज आपले लक्ष वेधू इच्छितो.

मनुष्याच्या एका हातात २७ हाडे असतात : मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. तळहातातील पाच हाडांना करभास्थी म्हणतात. करंगळीच्या रेषेतील करभास्थी मुठीच्या उंचवट्याजवळ मोडणे, हा हाताचा नेहमी आढळणारा अस्थिभंग होय. रागाच्या भरात भिंतीवर मारलेला ठोसा हे त्याचे ठळक कारण. दुचाकीवरून पडूनही तो होतो.

‘बोटे हलतात, म्हणजे हाड शाबूत आहे’ ही समजूत घातक आहे. हाड मोडले तरी स्नायुबंध अखंड असल्यास बोटे हलू शकतात. सूज, दाबल्यावर वेदना आणि मूठ वळल्यावर एक उंचवटा खाली गेलेला दिसणे, ही लक्षणे महत्त्वाची. मूठ मिटताना सर्व बोटांचा रोख अंगठ्याच्या मुळाकडे, मनगटाच्या दिशेने असावा. एखादे बोट शेजारच्या बोटावर चढत असेल, तर हाडाला पीळ पडला आहे असे समजावे. क्ष-किरण चित्र वेगवेगळ्या कोनांतून घ्यावे लागते. पण हा पीळ चित्रापेक्षा तपासणीतच अधिक स्पष्ट कळतो.

करंगळीच्या हाडाला थोडा बाक राहिला तरी हात चांगले काम देतो. तर्जनी व मधल्या बोटाच्या हाडांत तेवढा बाक चालत नाही. पीळ मात्र कोणत्याही बोटात चालत नाही. त्यामुळे पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज नसते. करंगळी अनामिकेला पट्टीने बांधून, किंवा मुठीचे सांधे वाकवून व बोटे सरळ ठेवून आधारपट्टी देऊन, सुमारे ३ ते ४ आठवड्यांत काम भागते. हाड फार सरकले असल्यास बारीक तारा घालतात. यंत्रात चिरडलेल्या हातासाठी मुंबईचे हातशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली ‘जेस’ ही बाह्य आधाराची पद्धत उपयुक्त ठरली आहे. ठोसा दुसऱ्याच्या दातावर बसून जखम झाली असेल, तर ती कितीही लहान असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. तिच्यातून सांध्यात जंतुसंसर्ग पसरतो.

हाड जुळले म्हणजे उपचार संपला, असे नाही. गरजेपेक्षा अधिक काळ जखडून ठेवलेली बोटे आखडतात, आणि आखडलेल्या हाताला ना यंत्राची कळ दाबता येते, ना मागावरचा धागा उचलता येतो. व्यायामोपचारासाठी पुनःपुन्हा येणे आवश्यक असते. परंतु रोजंदारीवरील माणसाला प्रत्येक फेरीमागे दिवसाची मजुरी गमवावी लागते. बसभाडे वेगळेच. उपचार अर्ध्यावर सुटतो तो येथेच.

आप्तेष्टांना आमची विनंती, की हात सुजल्यास चोळू नये, बोटांतील अंगठी तत्काळ काढावी, हात उंच ठेवावा आणि व्यायामाची एकही फेरी चुकवू देऊ नये. दात्यांना विनंती, की शस्त्रक्रियेइतकेच या फेऱ्यांच्या खर्चाकडेही पाहावे. त्या दानाने एक हात पुन्हा कामाला लागतो आणि एका घरची चूल पेटती राहते.