केसपेपरवरचा पत्ता



शहरातली वस्ती आणि तिथल्या माणसांचं आरोग्य या विषयावर दोन दिवस बोलायला, ऐकायला आपण पुण्यात आलात. स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. समितीने स्वागताध्यक्षपद माझ्याकडे सोपवलं, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी नगररचनेचा अभ्यासक नाही. आंबिल ओढ्याच्या काठावर पस्तीस वर्षं दवाखाना चालवलेला डॉक्टर आहे. त्या दवाखान्यात जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

दवाखान्यात माणूस आला की केसपेपरवर पहिल्यांदा तीन गोष्टी लिहितात: नाव, वय आणि पत्ता. सुरुवातीची काही वर्षं मी पत्ता नीट वाचतही नसे. नाडी, छाती, जीभ बघायची आणि औषध लिहायचं. मग हळूहळू ध्यानात येऊ लागलं की एका विशिष्ट गल्लीतून दम्याची मुलं येतात, दुसऱ्या गल्लीतून कावीळ येते आणि तिसऱ्या गल्लीतल्या बायकांना लघवीच्या जळजळीचा त्रास पुन्हापुन्हा होतो. त्या बायकांशी मोकळेपणाने बोलल्यावर कळलं, त्यांचं सार्वजनिक शौचालय लांब आणि अंधारात. रात्री जावं लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नसत. त्यांच्या दुखण्याचं मूळ त्या रस्त्यावर न लागलेल्या दिव्यात होतं. तेव्हापासून केसपेपरवरचा पत्ता मी आधी वाचायला लागलो.

एक घर मी कधी विसरणार नाही. चार वर्षांचा एक मुलगा दर तीन आठवड्यांनी यायचा. छातीत घरघर, रात्रभर खोकला. औषधाने आठवडाभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. एका पावसाळ्यात त्याची आई म्हणाली, "डॉक्टर, एकदा घरी येऊन बघा." गेलो. दहा बाय दहाची खोली, एक दार, खिडकी नाही. मागची भिंत ओढ्याच्या बाजूची. तिच्यावर गुडघ्यापर्यंत ओल चढलेली आणि ओलीवर काळी बुरशी. त्याच भिंतीला लागून मुलाचं अंथरूण. कोपऱ्यात मोरी, मोरीशेजारी पाण्याचं निळं पिंप आणि डासांसाठी रात्रभर जळणारी कॉइल. दहा मिनिटं बसलो आणि माझाच श्वास जड झाला.

त्या दिवशी मी औषध बदललं नाही. अंथरूण समोरच्या कोरड्या भिंतीकडे हलवायला लावलं. कॉइल बंद करून मच्छरदाणी लावायला सांगितली, पिंपावर फडकं बांधायला सांगितलं. शेजारी गवंडीकाम करणारे एक मामा होते. त्यांनी पत्र्याखालच्या भिंतीतल्या दोन विटा काढून तिथे जाळी बसवली आणि छताला एक पारदर्शक पत्रा टाकून दिला. खोलीत पहिल्यांदा ऊन आलं, हवा खेळू लागली. त्या हिवाळ्यात तो मुलगा माझ्याकडे दोनदाच आला. माझ्या औषधांच्या बाटल्यांनी जे झालं नाही, ते दोन विटांच्या जागेने झालं. ही गोष्ट मी आज मुद्दाम सांगतो, कारण या परिषदेचा सगळा विषय मला त्या एका खोलीत दिसतो.

मित्रहो, हे शहर या विषयाला नवखं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पुण्याच्या पेठांत पाणी आलं. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव हौद ही नावं आजही जुन्या पुणेकरांच्या तोंडी आहेत. पण हौद असूनही पाणी सगळ्यांना नव्हतं. ज्यांना अस्पृश्य म्हटलं गेलं, त्यांना भरल्या हौदावरून तहानलेलं परतावं लागे. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. समाजसुधारणेच्या इतिहासात आपण हे पाऊल मानाने नोंदवतो. मी एक डॉक्टर म्हणून त्याची नोंद सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही करतो. पिण्याचं पाणी कोणाला मिळतं आणि कोणाला नाही, हा आरोग्याचा पहिला प्रश्न आहे, आणि तो या शहरात दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला.

पुढे १८९७ ची प्लेगची साथ आली. सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दत्तक मुलगा डॉ. यशवंतराव यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात गेल्या. त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांना नेलं. दाटीवाटीची, अंधारी, उंदरांनी भरलेली घरं जीव घेतात, हा धडा प्लेगने सरकारलाही शिकवला. आधी मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात देशातला पहिला नगररचना कायदा झाला. रुंद रस्ते, घरांमधलं अंतर, बागांची जागा यांची भाषा आपल्याकडे साथीच्या भीतीतून आली. भीती ओसरल्यावर आपण ती भाषाही विसरलो.

ज्या आंबिल ओढ्याकाठी माझं आयुष्य गेलं, तो कात्रजच्याच बाजूने निघतो आणि शहरातून वाहत मुठेला मिळतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीने पुणं धुऊन नेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री धरण फुटलं नव्हतं. पाऊस झाला आणि ओढ्याला वाहायला जागा उरली नव्हती. वर्षानुवर्षं त्याच्या पात्रात राडारोडा पडला, काठावर बांधकामं चढली, सीमाभिंती उभ्या राहिल्या. त्या रात्री टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली. त्या पावसाने शहरात आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं नेली. माझ्या दवाखान्यात कमरेएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी केसपेपरांचे भिजलेले गठ्ठे मी गच्चीवर वाळत घातले. पुढचे कित्येक महिने जुलाब, खरूज आणि ताप यांची रांग लागली. पण सगळ्यांत जास्त दिवस टिकलेलं दुखणं वेगळंच होतं. पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू झाला की ज्यांना झोप लागत नाही, अशा बायका त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात माझ्याकडे येत राहिल्या. ओढ्याचं पात्र आवळताना कोणत्याही नकाशावर ही निद्रानाशाची किंमत मांडलेली नसते.

अलीकडचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पायातलं बळ जातं, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागतं. रुग्णांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. अनेकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला. तो पोटात जातो दूषित पाण्यातून आणि अन्नातून. रुग्ण सर्वाधिक कुठे होते? नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात. धायरी २०१७ मध्ये आणि नांदेड, किरकटवाडी २०२१ मध्ये महापालिकेत आली. उंच इमारती आल्या, घरपट्टी आली, पण तिथल्या अनेक घरांत येणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेलं नव्हतं. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आपण दुष्काळी गावासाठी वापरतो. इथे घसा कोरडा नव्हता, घशाखाली उतरणाऱ्या पाण्याची खात्री नव्हती. आधी इमारत आणि मग पाणी, हा उलटा क्रम आपण चालू दिला, आणि त्याचे परिणाम तरुण मुलांनी अतिदक्षता विभागात भोगले.

हा प्रश्न केवळ गरिबांच्या वस्तीचा आहे, असं कोणी समजू नये. जून २०२४ मध्ये पुण्यात झिकाचा रुग्ण आढळला तो एरंडवण्यासारख्या सुखवस्तू भागात. झिका पसरवणाऱ्या एडिस डासाला कुंडीखालची ताटली पुरते, बांधकामाच्या तळघरात साठलेलं पाणी पुरतं. बाणेरच्या बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांना मधुमेहासाठी रोज चालायला सांगितलं, तर ते विचारतात, "चालू कुठे?" फाटकाबाहेर पदपथ नाही, असलाच तर त्यावर दुचाकी लावलेल्या. मे महिन्यात डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते बाहेर टाकतात. पत्र्याच्या खोलीतलं बाळ आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी, दोघांची झोप त्यात जाते. वडाची, पिंपळाची सावली तोडली की हा ताप वाढतो, आणि तो कुठल्याही थर्मामीटरवर एका माणसाचा म्हणून दिसत नाही.

मित्रहो, आपण प्रत्येक जण आपापल्या गावचा धडा घेऊन आला आहात. मुंबईहून आलेल्यांनी गोवंडी-मानखुर्द पाहिलं आहे. तिथल्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडच्या इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि क्षयाने तिथे ठाण मांडलं. झोपडीतून पक्क्या घरात नेलेल्या माणसाला आपण ऊन आणि वारा द्यायला विसरलो, याहून मोठी चूक पुनर्वसनात दुसरी नाही. चंद्रपूरकर औष्णिक वीजकेंद्राच्या आणि खाणींच्या धुळीत श्वास घेतात. कोल्हापूरकरांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर अंगावर घेतले. आणि गोव्याच्या पाहुण्यांना मी आठवण करून देतो की १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. रोगी तपासून ते थांबले नाहीत. मांडवीतल्या वस्त्या साफ व्हाव्यात म्हणून ते आग्रहाने झटले.

पुण्याने चांगलंही काही करून दाखवलं आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली, आणि २००८ पासून महापालिकेबरोबर करार करून या भगिनी दारोदार कचरा गोळा करतात. त्यांच्या हातांनी वेगळा केलेला प्रत्येक किलो कचरा फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोत जायचा वाचला. आपल्या घरातली घाण अनेक वर्षं या गावांच्या विहिरींनी सोसली, हे पुणेकर म्हणून मला मान्य केलंच पाहिजे. या भगिनी आज सभागृहात आहेत. या परिषदेत त्या पाहुण्या म्हणून आलेल्या नाहीत, त्या आपल्या शिक्षक आहेत.

महापालिकेत पाण्याचं टेबल वेगळं, ड्रेनेजचं वेगळं, उद्यानाचं वेगळं, बांधकाम परवान्याचं वेगळं आणि आरोग्याचं आणखी वेगळं. माणूस मात्र या सगळ्यांच्या मधोमध एकाच खोलीत राहतो. माझ्या पस्तीस वर्षांच्या अनुभवाचं सार विचाराल तर ते हेच आहे: दवाखान्याच्या आधी पाणी, ड्रेनेज, झाड आणि बांधकाम परवाना ही चार टेबलं माणसाचं आयुष्य ठरवतात. म्हणून या परिषदेकडून माझ्या तीन अपेक्षा आहेत. नव्याने जोडलेल्या गावात शुद्ध पाणी पोहोचल्याशिवाय नव्या इमारतीला परवानगी नको, असा ठराव करा. पुनर्वसनाच्या प्रत्येक आराखड्यात तळमजल्यावर ऊन आणि वारा किती येतो, याचं उत्तर मागा. आणि रुग्णांची नावं झाकून, गल्लीनिहाय आजारांची नोंद प्रत्येक प्रभागात लोकांपुढे ठेवायला लावा.

नागरिकांच्या हातातही काही आहे. पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात. शौचालयाच्या वाटेवरचा एक दिवा, पदपथाचा एक तुकडा, ओढ्याकाठची झाडांची एक रांग: एवढं मागायला कोणाची शिफारस लागत नाही.

या परिषदेसाठी गेले तीन महिने राबणाऱ्या कार्यकर्त्यांचे, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बचत गटाच्या ताईंचे आणि सभागृह झाडणाऱ्या हातांचे मी आभार मानतो. आमच्या पाहुणचारात काही उणं राहिलं तर ते पोटात घाला.

डॉक्टर मंडळींना शेवटी एवढंच सांगतो. सोमवारी आपापल्या दवाखान्यात परत गेलात की पहिल्या रुग्णाच्या केसपेपरवरचा पत्ता वाचा, आणि त्या आठवड्यात एकदा तिथे जाऊन या. बाकीच्या सर्वांना माझी विनंती आहे, आपल्या गल्लीतल्या पाण्याची, उन्हाची आणि ओढ्याची खबर घ्या.