पैशाचा पहारा आणि सार्वजनिक संस्था



काळा पैसा धुऊन पांढरा करणाऱ्याला मोकळे सोडा, असे म्हणणारा मनुष्य या मंडपात सापडणार नाही. आम्हीही तसे म्हणत नाही. अफूचा व्यापारी, लाचखाऊ अंमलदार यांची मिळकत बँकेच्या वाटेने सभ्य होऊन बाहेर पडते. ती वाट अडवण्यासाठी १९८९ साली पॅरिसच्या परिषदेत बड्या राष्ट्रांनी फायनॅन्शियल ॲक्शन टास्क फोर्स नावाचे मंडळ स्थापले. त्या पहाऱ्याचा दंडुका सरकारला न आवडणाऱ्या संस्थांच्या पाठीत बसू लागला, तर दाद कोठे मागायची, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

२००१ साली न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि पुढच्याच महिन्यात मंडळाने सेवाभावी संस्थांवर बोट ठेवले: दहशतवाद्यांकडून त्यांचा दुरुपयोग होण्याचा धोका विशेष आहे! हा शेरा पुसायला २०१६ उजाडले. तेवढ्यात कित्येक सरकारांना आयते निमित्त मिळाले. तुर्कस्तानने डिसेंबर २०२० मध्ये कायदा केला. नाव संहारक शस्त्रांना पैसा मिळू नये याचे. आत पाहावे तो दहशतवादविषयक गुन्ह्याचा नुसता खटला चालू असला तरी संस्थेच्या कार्यकारिणीतील माणसाला दूर करण्याचा अधिकार गृहमंत्र्याला! संहारक शस्त्रे कोठे आणि संस्थेचा चिटणीस कोठे!

युगांडात याहून उघड प्रकार घडला. निकोलस ओपियो हे मानवी हक्कांसाठी झगडणारे वकील. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीच्या तोंडावर, २२ डिसेंबरला त्यांना पकडले. आरोप मनी लाँडरिंगचा. संस्थेच्या खात्यात ३,४०,००० डॉलर आले म्हणून. पैसा धुणारा तो लपवतो. हा तर संस्थेच्या नावाने, बँकेतून आलेला. सप्टेंबर २०२१ मध्ये खटला मागे घेतला गेला. निवडणूक केव्हाच आटोपली होती.

आपल्याकडे २००२ चा कायदा २००५ पासून अमलात आहे. त्यातील जामिनाच्या कडक अटी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द केल्या. संसदेने २०१८ मध्ये दुरुस्ती केली आणि २०२२ साली न्यायालयाने त्या उचलून धरल्या. आरोपी दोषी नसावा असे न्यायाधीशाला वाटले, तरच जामिनाचा विचार. खात्याचे तर त्याहून सोपे. सप्टेंबर २०२० मध्ये ॲम्नेस्टीच्या भारतातील संस्थेची खाती गोठवली गेली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला तिने काम थांबवल्याचे जाहीर केले. परदेशी पैसा आडवाटेने आणला, असे सरकारचे म्हणणे. संस्थेला ते अमान्य. खरे काय ते न्यायालय ठरवील. परंतु गोठलेले खाते निकालाची वाट पाहत नाही. पहिल्या तारखेला पगार थांबतो, मग जागेचे भाडे तुंबते, कारकून दुसरी नोकरी शोधतो, आणि ज्या वकिलाने दाद मागायची त्याची फी त्याच खात्यात अडकलेली असते. पुढे निर्दोष ठरले तरी परत यायला संस्था उरलेली नसते.

आमचे मागणे थोडके आहे. खाते गोठवण्याचे कारण लेखी हाती पडावे, पगार व वकिलाची फी यांपुरती रक्कम मोकळी राहावी आणि संस्थेला लौकर न्यायाधीशापुढे उभे राहता यावे. सेवाभावी संस्थांवरील निर्बंध धोक्याच्या प्रमाणातच असावेत, असे त्या मंडळानेच नोव्हेंबर २०२३ मध्ये आपली आठवी शिफारस सुधारताना म्हटले आहे. भारत २०१० पासून त्याचा सभासद आहे. तेव्हा दिल्लीला हे मागणे परके वाटण्याचे कारण नाही.