मोठी मॅच कोणाची?
(बीडच्या बैठकीतलं भाषण)

दोस्तांनो, मी गोदीत माल उचलतो. पाच दिवसांची कसोटी बघायची तर पाच दिवसांचा रोज बुडतो. मला वीस षटकांचीच मॅच परवडते.

पण भारत-पाकिस्तान म्हटलं की हातातलं काम टाकून सगळे बसतात. या दोघांत २००७ नंतर एकही कसोटी झाली नाही. कुणाला त्याचं काय? खेळ नको, दुश्मन पाहिजे!

ही खोड जुनी आहे. १९४६ पर्यंत मुंबईत धर्मावर संघ पाडून सामने व्हायचे. हिंदू संघाचा हुकमी गोलंदाज पाळवणकर बाळू, जातीनं चांभार. १९११ ला इंग्लंडात शंभरावर बळी घेतले. पुण्यात मात्र त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. समोरचा संघ दुश्मन, आणि घरातला विटाळ? कप्तानी त्याला दिलीच नाही. भाऊ विठ्ठलला मिळाली, तीही १९२३ ला.

आपल्या बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या १९ वर्षांखालच्या विश्वचषकात, उपांत्य सामन्यात, ४ बाद ३२ वरून ९६ काढले. समोर दक्षिण आफ्रिका होती. कितीजणांनी पाहिली ती मॅच? हात वर करा!

मॅच बघा, शिट्ट्या मारा. पण कोणती मॅच मोठी, ते आपलं आपण ठरवा.