वाऱ्याची वाट न पाहता

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



वाफेच्या इंजिनावर बोला, असे चिटणीस साहेबांनी सांगितले तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती चहाची किटली. जेम्स वॅट नावाच्या मुलाने किटलीचे झाकण उडताना पाहिले आणि त्यातून इंजिनाचा शोध लागला, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. गोष्ट गोड आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. वॅटचा जन्म १७३६ चा. त्याच्या आधी २४ वर्षे, म्हणजे १७१२ साली, इंग्लंडात डडली येथील कोळशाच्या खाणीवर टॉमस न्यूकोमेनचे इंजिन पाणी उपसू लागले होते. मग वॅटने केले तरी काय? ते मी सांगणारच आहे. पण आधी वाफ येण्यापूर्वी माणसाचे काम कशावर चालत होते, ते पाहू.

माणसाचे हात, जनावराची पाठ, वाहते पाणी आणि वारा. एवढीच चार साधने. हात आणि जनावर थकते. पाणी असेल तिथे आपल्याला जावे लागते. आणि वारा तर कोणाच्याच हुकमात नाही. आपल्या समाजातले उदाहरण घ्या. मोगल काळात हजला जाणारी जहाजे सुरतेहून निघत. शिडाचे जहाज ईशान्येचा वारा असेपर्यंत अरबस्तानाकडे निघायचे आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत यायचे. वाऱ्याचे हे वेळापत्रक सूर्याच्या हिशेबाने चालते. हजचा महिना मात्र चंद्राच्या हिशेबाने येतो, दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे काही वर्षी वारा आणि हज यांचा मेळ बसे आणि पुष्कळ वर्षी बसत नसे. हाजी महिनोन् महिने आधी पोचायचा, किंवा हज झाल्यावर परतीच्या वाऱ्याची वाट पाहत परदेशात मुक्काम करायचा. घरचे धान्य, कर्ज, म्हातारी आई, सगळे वाऱ्यावर अवलंबून!

या पारतंत्र्यातून सुटण्याची सुरुवात समुद्रावर झाली नाही, ती जमिनीच्या पोटात झाली. कोळशाच्या खाणी खोल गेल्या की पाण्याने भरत. न्यूकोमेनच्या इंजिनात एक उभे सिलिंडर होते, त्यात दट्ट्या. खालून वाफ सोडायची, मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे एकदम पाणी होते आणि आत पोकळी तयार होते. बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो आणि दुसऱ्या टोकाला पंपाचा दांडा वर येतो. म्हणजे खरे जोर लावणारी होती ती आपल्या डोक्यावरची हवा! मिनिटाला सुमारे बारा वेळा हे होई. यंत्र अवाढव्य होते आणि कोळसा तर बकासुरासारखे खाई. पण कोळशाच्याच खाणीवर बसवलेले असल्याने कोणी फिकीर केली नाही.

आता वॅट. तो ग्लासगो विद्यापीठात मापनाची उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. प्राध्यापक नव्हे, हे लक्षात घ्या. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकोमेनच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृती दुरुस्तीला आली. त्याने ती दुरुस्त केली, पण चार-दोन फेरे झाले की वाफ संपे आणि यंत्र थांबे. दुसरा कोणी 'खेळणेच आहे' म्हणून परत देता. वॅटने वाफ मोजायला घेतली. सिलिंडर भरण्यापुरती वाफ किती लागायला हवी आणि प्रत्यक्षात किती लागते? प्रत्यक्षात कितीतरी पट जास्त जात होती. ती कुठे जात होती? दर फेऱ्याला थंड पाण्याने सिलिंडर गार होई आणि पुढची वाफ ते पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. घरातल्या बायकांना हे लगेच कळेल. प्रत्येक भाकरीनंतर तव्यावर पाणी ओतायचे आणि पुन्हा तवा तापवायचा, तर सरपण किती लागेल?

१७६५ च्या मे महिन्यात रविवारी फिरायला गेला असताना वॅटला उत्तर सुचले. वाफ थंड करायची तर वेगळ्या भांड्यात करावी, सिलिंडर नेहमी गरमच राहू द्यावे. बस, एवढेच. पण सुचणे आणि होणे यांत अकरा वर्षे गेली. पेटंट १७६९ साली मिळाले, तरी सिलिंडर गोल आणि गुळगुळीत मिळेना, कडेने वाफ निसटे. शेवटी जॉन विल्किन्सनने तोफांच्या नळ्या कोरण्याच्या अनुभवातून सिलिंडर अचूक कोरून दिले. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन भागीदार झाला आणि १७७६ मध्ये पहिली इंजिने कामाला लागली. त्यांचा करार ऐकण्यासारखा आहे. खाणमालकांनी कोळशात जी बचत होईल, तिचा तिसरा हिस्सा द्यावा. न्यूकोमेनच्या इंजिनाच्या निम्म्याहूनही कमी कोळशात तेवढेच पाणी निघू लागले.

कोळसा कमी लागू लागला म्हणजे इंजिन खाणीपासून दूर नेता येऊ लागले, हा त्यातला मोठा अर्थ. १७८१ पासून वॅटने दट्ट्याची वर-खाली हालचाल चाकाच्या फिरण्यात बदलली. तोवर आर्कराइटच्या सूतगिरण्या नद्यांच्या काठी, दऱ्याखोऱ्यांत होत्या. आता गिरणी पाण्याकडे जाण्याऐवजी माणसांच्या गर्दीकडे, बंदराकडे, शहराकडे येऊ लागली. मँचेस्टर असे वाढले. आणि मँचेस्टरचे स्वस्त कापड आपल्या देशात आले तेव्हा काय झाले, ते मालेगाव आणि भिवंडीच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. उत्तरेकडच्या मोमीन विणकरांची कितीतरी घराणी गाव सोडून दक्षिणेकडे आली, त्यांतली पुष्कळ या दोन गावांत आणि मुंबईच्या मदनपुऱ्यात स्थिरावली. इंजिनाने पोट भरले तसे पोट मारलेही. दोन्ही एकाच हिशेबवहीत मांडावे लागते.

आपल्या मुंबईचेच पाहा. बेटावर नदी नाही, धबधबा नाही. पाणचक्कीच्या युगात इथे गिरणी निघाली नसती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागले, ते वाफेवर. कोळसा सुरुवातीला विलायतेहून जहाजाने यायचा. इंजिन थकत नाही, म्हणून माणसानेही थकू नये अशी मालकांची समजूत! उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास 'सवलत' होती, म्हणजे आधी किती असतील? समोर बसलेल्या पाचवीच्या मुलांनी जरा शेजाऱ्याकडे बघावे. आठवड्याची रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मिळाली.

रेल्वेबद्दल तुम्हाला बरेच ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वॅटला जोरदार दाबाच्या वाफेची भीती वाटे, बॉयलर फुटेल म्हणून. रिचर्ड ट्रेव्हिथिकने ती भीती झुगारली. दाब वाढवला की इंजिन लहान होते आणि लहान इंजिन गाड्यावर चढवता येते. फेब्रुवारी १८०४ मध्ये वेल्समध्ये त्याच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सुमारे ७० माणसे ओढली. इंजिन चालले, पण खालचे बिडाचे रूळ त्याच्या वजनाने तुटत गेले! स्टीफन्सन पितापुत्रांचे 'रॉकेट' १८२९ मध्ये जिंकले आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची गाडी निघाली. तिला ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान.

मला जास्त सांगायचे आहे ते आगबोटीबद्दल, कारण ती आपल्या किनाऱ्याच्या घराघरात शिरली. 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईच्या गोदीत बांधली गेली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझला निघाली. कोळशाला जागा पुरेना म्हणून जिथे मिळेल तिथे कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा तिच्यात काही तासांपुरताच कोळसा उरला होता. पुढच्या बंदरांवर तिच्यासाठी कोळसा आधी नेऊन ठेवला होता, तो कोणी? शिडाच्या जहाजाने! वाऱ्यावर मात करायला निघालेली बोट वाऱ्यानेच आणून दिलेल्या कोळशावर चालली. सुएझला पोचायला ३३ दिवस लागले, त्यांतले बरेचसे बंदरात कोळसा भरण्यात गेले. ब्रिटिशांनी १८३९ मध्ये एडन घेतले, त्यामागचे एक मोठे कारण हा कोळशाचा थांबाच.

याच मुंबईच्या गोदीतले अर्देशीर खरसेटजी वाडिया यांचे नाव मुलांनी लिहून घ्यावे. जहाज बांधणाऱ्या घराण्यातला हा पारशी तरुण. लाकडाच्या विद्येत घराणे तरबेज होते, पण याने वाफेची विद्या स्वतः मिळवली आणि लहानसे इंजिन स्वतः तयार केले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी वाफ कारखान्याचे ते मुख्य इंजिनियर झाले आणि युरोपियन कारागीर त्यांच्या हाताखाली आले. तेव्हाच्या काही गोऱ्यांना ते रुचले नाही, हे सांगायला नकोच.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. १८७७ मध्ये मुंबईत पुढे 'मोगल लाइन' म्हणून प्रसिद्ध झालेली कंपनी निघाली. आता हजचा महिना उन्हाळ्यात येवो की पावसाळ्यात, बोट निघायची. चंद्राचे आणि वाऱ्याचे भांडण वाफेने मिटवले. मुंबईहून हजची बोट १९९५ पर्यंत सुटत होती, अर्थात शेवटच्या काळात ती डिझेलवर होती.

पण १८८० ची एक हकिगत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 'जेद्दा' नावाची आगबोट सिंगापूर-पेनांगहून सुमारे हजारभर हाजी घेऊन निघाली. ऑगस्टमध्ये वादळात सापडली. हेलकाव्यांनी तिचे बॉयलर बैठकीवरून सुटले, नळ तुटले, पाणी आत येऊ लागले. कप्तान आणि गोरे अधिकारी रात्री होडीत बसून निघून गेले, त्यांना दुसऱ्या जहाजाने उचलले आणि एडनला नेऊन सोडले. 'जेद्दा' बुडाली, सगळे गेले, असे त्यांनी सांगितले. एक-दोन दिवसांनी दुसऱ्या बोटीने ओढत आणलेली 'जेद्दा' एडनच्या बंदरात शिरली, माणसांसकट! उरलेल्या खलाशांनी आणि हाजींनी हातांनी पाणी उपसून ती तरती ठेवली होती. चौकशी झाली आणि कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला. फक्त तीन वर्षे!

माझे आजोबा बोटीवर डेकचे खलाशी होते. त्या काळी मुंबईहून जाणाऱ्या बोटींवर डेकवर बहुधा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, सलूनमध्ये गोवेकर आणि खाली आगीपाशी पंजाबी आणि पठाण, अशी वाटणी असे. आजोबा सांगत, चार तासांची पाळी संपवून आगवाला वर आला की पहिल्यांदा कोणाशी बोलत नसे, नुसता वाऱ्याला तोंड देऊन उभा राही. तांबड्या समुद्रात भट्टीपुढे फावडे मारणे म्हणजे काय, ते आपण पंख्याखाली बसून समजू शकणार नाही. ज्या वाऱ्यापासून बोटीची सुटका झाली, त्याच वाऱ्यासाठी तो माणूस शिडी चढून वर येत होता.

माथेरानच्या गाडीचेही सांगतो, म्हणजे सहलीला जाल तेव्हा आठवेल. सर आदमजी पीरभाय यांच्या पैशाने त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती १९०७ मध्ये पुरी केली. वीस फुटांना एक फूट असा चढ, रुळांत अंतर फक्त दोन फूट आणि वळणे इतकी तीव्र की साधे इंजिन रुळावरून उतरावे. म्हणून आस बाजूला सरकू शकतील अशी खास इंजिने जर्मनीतून बनवून आणली होती.

वाफेची इंजिने रुळांवरून गेली म्हणून वाफ गेली असे मात्र समजू नका. चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये वाफेवर फिरणारे टर्बाइन केले. दट्ट्या नाही, नुसती पाती फिरतात. चंद्रपूरला आणि कोराडीला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरते. तारापूरला अणूंची उष्णता आहे, पण तीही पाणीच उकळवते. आता या सभागृहात जो पंखा फिरतो आहे, त्याच्या विजेतली पुष्कळशी अशीच आलेली आहे.

माझी वेळ संपली अशी खूण अध्यक्षसाहेब करीत आहेत. मुलांना प्रश्न विचारायचे असतील तर चहाच्या वेळी माझ्याकडे या, किटली तिथे असेलच.